तेगलचा रडणारा पडदा

जावा बेटावरच्या आमच्या तेगल गावात, तंबाखू वाळवायच्या एका बंद कोठारात भरदुपारी काळोख होता आणि पाय ठेवायला जागा नव्हती. आंधळे, लुळे, तापानं फणफणलेली पोरं आणि त्यांच्या आया. समोर टांगलेल्या मोठ्या पांढऱ्या कापडातून टपटप पाणी गळत होतं.

"रडतायत! आपल्यासाठी आजोबा रडतायत!" एक बाई किंचाळली आणि सगळं कोठार त्या कधीच वारलेल्या मूळपुरुषाच्या नावानं हुंदके द्यायला लागलं.

मग कापड उजळलं. पांढऱ्या झग्यातला दाढीवाला म्हातारा त्यात उभा राहिला. हलला. हात वर करून त्यानं आशीर्वाद दिला. लोक जमिनीवर आडवे झाले.

माझी कास्मी सासूबाईंच्या मांडीवर होती. हिवतापानं पोरीचे ओठ काळे पडले होते. डॉक्टरांनी दिलेल्या कोयनेलच्या गोळ्या सासूबाईंच्या पदराच्या गाठीत होत्या, आणि तिथंच राहणार होत्या. कारण हा सगळा थाट मांडणाऱ्या म्बाह कार्सो नावाच्या मांत्रिकानं बजावलं होतं, "गोऱ्यांच्या औषधाचा कण जरी जिभेला लागला तरी आजोबा पाठ फिरवतील. मग माझ्या नावानं बोटं मोडू नका!"

पोरीच्या पोटात रोज त्या कापडाचं पाणी जात होतं.

"सासूबाई, पाया पडते तुमच्या. एक गोळी द्या तिला."

"गप बस! माझा लेक दवाखान्यातच गेला ना? तेव्हा तुझ्या डॉक्टरनं काय दिवे लावले? एवढं एकच पोर उरलंय मला."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "पण आजोबांनी डावा हात कसा उचलला?"

आमच्याकडे डाव्या हातानं कुणाला विडा दिला तरी भांडण होतं. म्बाह कार्सो मात्र डगमगला नाही. "अरे शहाण्या, मेलेल्यांच्या राज्यात सगळं उलटं! तिथं डावा तोच उजवा. तिथं सासू सुनेचे पाय चेपते!"

लोक रडता रडता हसले. मी हसले नाही. ते उलटं राज्य मला चांगलं ठाऊक होतं. माझं अर्धं बालपण तिथं गेलं होतं.

आमच्या तेगलच्या थिएटरात डच साहेब आणि चिनी शेठ पडद्यासमोर खुर्च्यांवर बसत, आणि आम्ही पडद्यामागे चटयांवर. चित्र आरपार दिसावं म्हणून खेळाआधी कापड भिजवत. ते आमच्या डोक्यावर गळायचं. मागून बघायचं, म्हणून आमच्या वाट्याचे सगळे शिपाई डाव्या हातानं तलवार चालवायचे. आम्हाला त्यात काही खटकायचं नाही, कारण सुलटं चित्र कधी पाहिलंच नव्हतं. मग थिएटर नवं झालं. मखमली खुर्च्या आल्या, पियानो आला, भिंतीवर चंदेरी रंगाचा जाड पडदा चढला. त्यातून आरपार काही दिसेना, तेव्हा आम्हाला अगदी पुढच्या बाकांवर आणून बसवलं. जुनं कापड आणि हातानं फिरवायचं जुनं यंत्र कुणीतरी भंगारात उचललं.

कोठारात त्या जुन्या यंत्रात जळायचा तसल्याच कार्बाइडच्या दिव्याचा वास येत होता. आणि हा म्हातारा मी थिएटरातल्या खेळात पाहिलेला होता.

रोज आशीर्वाद झाला की काळोख व्हायचा. "आजोबा थकले," म्बाह कार्सो म्हणायचा. म्हाताऱ्याचा हात खाली यायच्या आतच मी उठून ओरडले, "आता कुत्रं येईल! झगा पकडेल आणि आजोबा चिखलात पडतील!"

"विझव! अरे गाढवा, विझव!" म्बाह कार्सो कापडाकडे तोंड करून बोंबलला.

कापडामागचा माणूस गोंधळला. कुत्रं आलं. त्यानं झगा धरला. आजोबा चिखलात पडले.

"बाई गं! हे तर आपण थिएटरात बघितलंय," मघाशी किंचाळलेली बाई हळूच म्हणाली.

"श्रद्धा कमी पडली की कुत्रंच दिसणार!" म्बाह कार्सोनं शेवटचा प्रयत्न करून पाहिला. तोवर मी कापडाला लोंबकळले होते. ते ओलं धूड खाली आलं. मागे यंत्र, दिवा, हँडल हातात धरून थिजलेला म्बाह कार्सोचा मेहुणा, आणि कापड भिजवायची बादली. बादलीत डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

पुढून बघणाऱ्यांना आजोबा उलटे दिसत होते, कारण यंत्र मागे होतं. म्बाह कार्सोच्या ते कधी ध्यानातच आलं नाही. तोही आमच्यासारखाच पडद्यामागे वाढलेला.

सासूबाईंनी गाठ सोडायला घेतली. ती सुटेना. शेवटी त्यांनी ती दातांनी सोडली.

कास्मी वाचली. तिच्या शेजारी निजवलेलं एक तान्हं त्याच संध्याकाळी गेलं. त्याची आई ते ओलं कापड उराशी धरून बसली होती. तिच्याकडून ते काढून घ्यायला कुणी धजलं नाही.

आता मी म्हातारी झाले. एवढंच सांगते. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी उठा आणि पडद्यामागे जाऊन बघा. तिथं बसायची आपल्याला जुनी सवय आहे.