परिणाम : कमी

पॅकेज हा शब्द आमच्याकडे जपून वापरावा लागतो. दुष्काळ पडला की पॅकेज जाहीर होतं, पोरगा पुण्यात कामाला लागला की पाहुणे आधी त्याचं पॅकेज विचारतात. त्यामुळे रामकिशन सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात 'वर्क पॅकेज' असं लिहिलं, तेव्हा त्यांच्या संस्थेतली बबिता म्हणाली, "सर, तेवढं पुसून टाका. आमच्या कंधारला कळालं तर लोक आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन येतेत."

"येऊ दे की. त्याइलाच प्रश्न इचारू, आपलं गाडीभाडं वाचंल," सर म्हणाले आणि पुढं लिहीत राहिले.

नांदेडहून विष्णुपुरीकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका संस्थेच्या वरच्या मजल्यावर ही बैठक चालली होती. खिडकीतून धरणाचं पाणी दिसायचं, आणि आत एकाच्या बोअरचं पाणी दुसऱ्याला कसं मिळतं यावर प्रस्ताव लिहायचं काम चालू होतं. प्रस्ताव तीन संस्थांचा मिळून होता. नांदेडची, म्हणजे रामकिशन सरांची, प्रमुख, पुण्याची जाणकार आणि लातूरचं कॉलेज तिसरं. तीन भागीदार असल्याशिवाय अर्ज चालत नाही, अशी अट होती. लग्नात पंक्तीला माणूस कमी पडला की शेजारच्याला हाक मारतात, तसं लातूर आलं होतं. अर्जाचं पोर्टल त्याच संध्याकाळी बंद होणार होतं.

लातूरकडून मंजुश्री आली होती. समाजशास्त्र शिकवायची, तासिका तत्त्वावर. तासिकेवरच्या माणसाला रजा नसते. न घेतलेले तास असतात. तिचे वडील मलप्पा हिवाळ्यात गेले, लिंगैक्य झाले, तेव्हाही तिचे काही तास न घेतलेले राहिले, एवढीच नोंद कॉलेजात झाली. पुढच्या वर्षी समाजशास्त्राला तासच नाहीत, असं प्राचार्यांनी तिला जिन्यात उभ्याउभ्या सांगितलं होतं. या प्रकल्पात लातूरचं एक पॅकेज, म्हणजे कामाचा एक वाटा, होता. मुलाखती ऐकायच्या, शब्दशः लिहायच्या, त्यांचे अर्थ तपासायचे. त्याला जोडून तीन वर्षांची एक जागा होती. ती जागा मंजुश्रीची, असं रामकिशन सर फोनवर म्हणाले होते. कागदावर ते अजून कुणी म्हटलं नव्हतं.

तिला याची काळजी वाटायला हवी होती. दाढ काढताना डॉक्टर सुई देतो, मग गाल हाताला लागतो पण गालाला हात लागत नाही, तसं तिचं हिवाळ्यापासून चाललं होतं. कुणी विचारलं तर ती बरी आहे म्हणायची. तसं वागणंही बरं होतं.

पुण्याचे डॉ. रविकिरण पहाटेच्या गाडीनं आले होते. भला माणूस. चहाला नको म्हणायचा आणि दर वेळी नको म्हटल्याबद्दल माफी मागायचा. त्याच्या जमेच्या बाजूला नम्रपणा, इस्त्री आणि एक सॉफ्टवेअर. खर्चाच्या बाजूला एवढंच, की त्या सॉफ्टवेअरचा शब्द त्याला माणसाच्या शब्दापेक्षा पक्का वाटायचा. रामकिशन सरांचा ताळेबंद उलटा. सगळ्यांना सांभाळून घ्यायचं, कुणाला नाही म्हणायचं नाही. फोन आला की पलीकडचं ऐकायच्या आधी "हाव, हाव" सुरू. अशा माणसाचं देणं कधी फिटत नाही, पण प्रस्ताव मात्र अशीच माणसं उभे करतात.

कार्यपद्धतीवर बोलणं निघालं, तेव्हा रविकिरण उठला. चाचणी म्हणून काही गावांत हिवाळ्याआधीच मुलाखती झाल्या होत्या. बबितानं त्या घेतल्या होत्या आणि लोक जसं बोलले तसं टाइप केलं होतं, कारण पद्धतीत 'शब्दशः' असं लिहिलेलं होतं. पुण्यात त्या सॉफ्टवेअरमध्ये घातल्या. उत्तरांची वाक्यं सुटी केली, सारख्या शब्दांचे ढीग केले आणि प्रत्येक ढिगाला एकेका भावनेचं नाव दिलं.

"मला स्वतःलाही धक्का बसला," रविकिरण म्हणाला आणि त्यानं पडद्यावर चित्र लावलं. शब्दांचा एक पुंजका. जो शब्द जास्त वेळा आला तो मोठा. पाणी, मोटर, लाइट, भाऊ, असले शब्द कडेकडेला आणि मधोमध सगळ्यांना दाबून बसलेला एकच शब्द : हाव.

"लोक स्वतःच कबूल करतायत, हे विशेष. जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत. म्हणून मला वाटतं, लोभ आणि सामायिक पाणी असं एक स्वतंत्र पॅकेज करावं. ते पुणे घेईल."

रामकिशन सरांनी चष्मा वर करून पडदा पाहिला. मान हलवली.

"हाव," ते खिन्नपणे म्हणाले. "लई वाढलाय लोभ आपल्याकडं."

बबिता मागं बसून बिलं चिकटवत होती. तिनं वर पाहिलं नाही. मंजुश्रीनं पाहिलं. खोलीत दिवसभर सगळ्यात जास्त वेळा उच्चारला गेलेला शब्द पडद्यावर होता, आणि तो उच्चारणाऱ्यालाच तो ओळखू येत नव्हता. त्यात सरांचं फारसं चुकलं असंही नाही. आमचा होकार आम्ही तोंडानं देतो; लिहायची वेळ आली की 'होय' लिहितो, नाहीतर अंगठा देतो. छापलेली 'हाव' फक्त शाळेच्या पुस्तकात असते, आणि तिथं ती वाईटच असते.

रविकिरणनं पुंजक्यावर टिचकी मारली. आतली यादी उघडली. वर प्रश्न नव्हते, नुसती उत्तरं. कारण वाक्यं सुटी करताना प्रश्न गळले होते. प्रश्न एकच होता आणि तो मंजुश्रीनंच बसवला होता : तुमच्या बोअरचं पाणी शेजाऱ्याला देता का?

यादी खाली सरकत होती. मुखेड, बाई, बोअरमालक : हाव. कंधार, पुरुष, बोअरमालक : हाव की. उदगीर, पुरुष, वयोवृद्ध, बोअरमालक : हाव. शेजारच्या रकान्यात त्याच माणसाचं दुसरं वाक्य, ढीग 'इतर' : पाईप हायच की भिंतीवरून.

तो पाईप तिच्या ओळखीचा होता. हिरवा, मधे सायकलच्या ट्यूबनं बांधलेला, भिंतीवरून शेजारच्या गुरुबसप्पाच्या हौदात उतरलेला. नात्यातल्या माणसाची मुलाखत आपण घ्यायची नाही, म्हणून तिनं त्या घरी बबिताला पाठवलं होतं आणि स्वतः आईजवळ स्वयंपाकघरात बसली होती. वडिलांचा, अण्णांचा, आवाज आत येत होता. "हाव," ते म्हणाले होते, किती वाजले म्हणून कुणी विचारल्यावर सांगावं तसं. भावना : लोभ.

आता काहीतरी वाटेल म्हणून ती थांबली. काही वाटलं नाही. पंखा खडखडत होता. चहाच्या वेळी सांगू, असं तिनं ठरवलं. चहा आला, बिस्किटं आली, रविकिरणनं माफी मागितली. तिनं सांगितलं नाही. पर्समध्ये फोन थरथरत होता, आईचा, उमाबाईचा. बैठक चालू आहे म्हणून तिनं तो तसाच राहू दिला.

चहानंतर माणूस-महिन्यांचं वाटप सुरू झालं. माणूस-महिना म्हणजे एका माणसाचं महिनाभराचं काम. या खात्यात माणसाचे तुकडे करता येतात. अर्धा माणूस नांदेडला, पाव पुण्याला. सरांनी पडद्यावर आडव्या पट्ट्यांचा तक्ता लावला. दुरून सतरंजीसारखा दिसत होता.

"लोभाचं पॅकेज धरलं तर महिने कुठून तरी आणावे लागतील," रविकिरण म्हणाला. "माझी एक सूचना आहे, लातूरनं कृपया राग मानू नये. ऐकणं आणि अर्थ तपासणं, हे आता यंत्र करतं. चाचणीत आपण पाहिलंच."

"म्हंजी लातूरचं पॅकेज कमी करायचं?"

"विलीन करायचं."

सरांनी मंजुश्रीकडं न बघता पट्टी ओढली. ती आखडत गेली आणि पुण्याच्या पट्टीत मिसळली. लातूरच्या रकान्यात शून्य आलं. "मॅडम, नाव राहीलच तुमचं," सर म्हणाले. "सल्लागार म्हणून. मानद."

मानद म्हणजे बिनपगारी, हे तासिकेवरच्या माणसाला शिकवावं लागत नाही.

तेव्हा मंजुश्री बोलली. वडिलांच्या उत्तरापुढं लोभ दिसला तेव्हा नाही, शून्य दिसल्यावर. हिशोब तसाच मांडायला हवा, आणि तिनं तो मनात तसाच मांडला.

"सर, हाव म्हणजे हो."

"काय?"

"हाव म्हणजे हो. प्रश्न होता, शेजाऱ्याला पाणी देता का. लोक म्हणाले, हाव."

मग मागून बबिता म्हणाली, "आगं माय. म्या तर तसंच टाइप केलं. त्याइनं मला शब्दशः म्हणलं."

रामकिशन सर आधी हसले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "हाव की," ते म्हणाले आणि स्वतःचंच ऐकून पुन्हा हसले. "डॉक्टरसाहेब, सकाळपासून मी तुमच्यापुढं लोभच करून राहिलो की."

रविकिरणही हसला. त्याचे कान लाल झाले, पण तो चिडला नाही. माफी मात्र मागितली, पडद्याकडं बघून. मग घड्याळाकडं बघितलं.

"आता पुंजका काढायचा तर प्राथमिक निष्कर्ष गेले. ते गेले तर कार्यपद्धतीचं कारण गेलं. पुन्हा लिहायला दोन दिवस लागतील."

"पोर्टल तर आज बंद होतंय," सर म्हणाले.

"मग पुण्याला यातून बाहेर पडावं लागेल. चुकीच्या पायावर सही करणं मला जमणार नाही."

"आन तुम्ही भाईर पडले तर तीन भागीदार न्हाईत. सगळंच गेलं." सरांचं हसू ओसरलं. त्यांनी कपाळ चोळलं. कुणाला नाही म्हणायचं नसलेल्या माणसाला अशा वेळी वाट सापडतेच. त्याचं अर्धं आयुष्य त्या वाटा शोधण्यात गेलेलं असतं. "थांबा. जोखमीचा तक्ता हाय ना आपल्याकडं? शेवटच्या पानावर. काय काय चुकू शकतं, त्याचा. त्याच्यात घालू."

"काय घालायचं?"

"हेच. स्थानिक शब्दांचा अर्थ बदलण्याची शक्यता. उपाय, जाणकाराकडून तपासणी. जबाबदारी, लातूर." ते मंजुश्रीकडं वळले. "उपाय म्हणल्यावर माणूस लागणार. माणूस लागला की महिने आले. तुमची जागा परत आली, मॅडम. तीन वर्षं."

रविकिरणनं विचार केला. जोखीम नोंदवली म्हणजे लपवली नाही, हे त्याला पटलं. लोभाच्या पॅकेजच्या नावापुढं त्यानं प्रश्नचिन्ह टाकलं आणि त्याच्या मनावरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. पुंजका होता तिथंच राहिला.

लॅपटॉप मंजुश्रीपुढं आला. जोखीम तिनं टाइप केली. शक्यता : मध्यम. पुढचा रकाना होता परिणाम. तिनं 'जास्त' लिहिलं.

"जास्त नका लिहू," रविकिरण हळूच म्हणाला. "परिणाम जास्त असेल तर मूळ पद्धत बदलून दाखवावी लागते. तसा नियमच आहे."

"मग मध्यम?"

"मध्यमला पर्यायी योजना जोडावी लागते. वेगळं पान. पानांची मर्यादा संपलीय."

"कमी लिवा की मॅडम," सर म्हणाले. "नुसता शब्द हाय. आपल्याला म्हाईत हाय ना खरं काय ते."

तिनं 'जास्त' खोडलं. लॅपटॉपच्या वरच्या खिडकीत ती यादी अजून उघडीच होती, उदगीर, पुरुष, वयोवृद्ध. सुई उतरायला लागली की गालात आधी मुंग्या येतात, मग दुखतं. तिनं मुंग्यांची वाट पाहिली. आल्या नाहीत. तिनं 'कमी' लिहिलं, आणि अर्ज वेळेत गेला.

रविकिरणनं निघताना सगळ्यांचा निरोप घेतला, तिचा दोनदा. सरांनी पेढे मागवले. मंजूर झाल्यावर आणायचे असतात, पण सरांना दम नव्हता.

बबिता तिला बसस्टँडपर्यंत सोडायला आली. लातूरची गाडी लागलेली होती.

"ताई, तुमच्या अण्णाचं त्याइनं बदललं का?"

"बदलायचं काम माझ्याकडंच आलंय. प्रकल्प सुरू झाल्यावर."

"आन न्हाई झाला तर?"

"मग तसंच राहील."

बबितानं तिच्याकडं बघितलं. पिशवीतली पाण्याची बाटली काढून तिच्या हातात दिली आणि गाडी हलायच्या आत निघून गेली.

लोहा गाव यायच्या आधी पुन्हा फोन थरथरला. उमाबाईचा आवाज नेहमीसारखा, अर्धा पलीकडच्या कुणाशी बोलताना.

"कवापासून लावून राहिले मी. काम झालं का?"

"झालं."

"जेवलीस?"

"पेढे खाल्ले."

"बरं ऐक. गुरुबसप्पा दारात उभा हाय. म्हणून राहिलाय, अण्णा गेले, आता बोअर तुमचं मायलेकीचं, पाईप ठेवायचा का काढून घेऊ. लई लाजून इचारून राहिलाय बिचारा. मी म्हणलं, पोरीला इचारते. काय सांगू? राहू द्यायचा का?"

खिडकीबाहेर कुणाच्या तरी शेतात मोटर चालू होती. कंडक्टर मागून तिकिटं फाडत येत होता. मंजुश्रीनं पर्समधून सुटे काढून हातात धरले.

"हाव," ती म्हणाली.