डॉक्टरीणबाईंचं हळदीकुंकू

डॉक्टर अलकनंदांना हळदीकुंकवाचा मनापासून कंटाळा होता. नवरा पद्माकर हयात असताना त्या दवाखान्याची सबब सांगून टाळायच्या. तो गेल्यावर बायकांनी बोलावणंच बंद केलं, तेव्हा त्यांना राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. अशा या बाईंनी त्या जानेवारीत भर दवाखान्यात स्वतःच्या घरच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण देऊन टाकलं. कारण समोर रुचिरा बसली होती, आणि तिच्या शेजारी तिचा नवरा.

दिल्लीत द्वारकेतल्या एका सोसायटीत तळमजल्यावर त्यांचा दवाखाना आणि दुसऱ्या मजल्यावर घर. रुचिरा मूळची पुण्याची. नोएडात आयटीत नोकरी करायची, ती तब्येतीपायी सुटली होती. डोकं दुखतं, छाती धडधडते, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. रक्त तपासून झालं, थायरॉइड झालं, ईसीजी झाला, सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी प्रश्न तिला विचारायचा आणि उत्तर सिद्धांतने द्यायचं, अशी पद्धत पडून गेली होती. भूक लागते का, तर हा म्हणणार, लागते तशी. अहो, पोट तिचं!

सिद्धांत मराठी मंडळाचा सेक्रेटरी. गणपतीत सूत्रसंचालन त्याचं, म्हाताऱ्यांना मेट्रोपर्यंत सोडायला गाडी त्याची. जावई असावा तर असा, हे मंडळातल्या कल्पनाकाकूंचं ठरलेलं वाक्य. अलकनंदांनी मागे एकदा त्याला सरळ बाहेर बसायला सांगितलं होतं. तो हसत उठला. आत रुचिरा दाराकडे बघत ‘सगळं ठीक आहे’ म्हणाली, आणि नंतर कित्येक महिने दोघं फिरकलीच नाहीत. दुसरा डॉक्टर धरला होता म्हणे. परत आली तेव्हा पोरगी निम्मी झाली होती. पुन्हा तशी घाई केली, तर ती कायमची हातची जाईल, हे अलकनंदांना कळून चुकलं होतं. फोन करायचीही सोय नव्हती. तिचा फोन तोच उचलायचा.

त्या दिवशी बीपी घ्यायला बाही वर सरकवली, तर दंडावर बोटं उमटलेली. काळीनिळी.

“बाथरूममध्ये घसरली. लक्षच नसतं हिचं,” सिद्धांत म्हणाला.

अलकनंदांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बाथरूमला बोटं कधीपासून फुटली, असं विचारावंसं वाटलं. पण त्यांनी शांतपणे पट्टा सोडला आणि म्हणाल्या, रविवारी माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू आहे, रुचिराने यायचंच.

सिद्धांत गोंधळला. “पण मॅडम, पद्माकरकाका गेल्यानंतर तुम्ही... म्हणजे...”

“हो, तेव्हापासून वेळ मोकळा असतो,” अलकनंदा म्हणाल्या.

आता तो काय बोलणार? दिल्लीत राहून आपली संस्कृती जपली पाहिजे, यावर दरवर्षी माईकवर भाषण ठोकणारा माणूस. बायकोला हळदीकुंकवाला पाठवत नाही म्हटलं तर मंडळात छी-थू. “बिल्कुल,” तो म्हणाला, “मी सोडतो आणि खाली गाडीतच थांबतो.” थांब बापडा, अलकनंदा मनात म्हणाल्या.

रविवारी त्यांनी सगळी जय्यत तयारी केली. मंडळातल्या बायकांना बोलावलं, तिळगूळ विकत आणला, वाण म्हणून स्टीलचे डबे आणले. वैभवी नावाची त्यांची मैत्रीण घरात मार सोसणाऱ्या बायकांसाठी समुपदेशनाचं काम करायची, तिला रेशमी साडी नेसवून आतल्या खोलीत बसवलं. बेत सोपा होता. कुंकू लावून झालं की वाण दाखवायच्या निमित्ताने रुचिराला आत न्यायचं आणि दार लावायचं. पण इतकी वर्षं हळदीकुंकवाला न गेल्याने बाई एक गोष्ट साफ विसरल्या होत्या. रुचिराला घेऊन त्या आतल्या दारापाशी पोचल्या, तर कल्पनाकाकू उंबऱ्यात पैठणी सावरत उभ्या.

“अशी बरी सोडू? आधी उखाणा. आमच्या सिद्धांतचं नाव झकास घे बघू.”

बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. अलकनंदांनी काकूंना बाजूला करायचा प्रयत्न केला, पण त्या ढिम्म हलेनात. रुचिरा हसली. हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती उभ्या उभ्या रडायला लागली. टाळ्या थांबल्या.

“नाव काय घेऊ, काकू?” ती म्हणाली. “मारतो तो मला.”

मग कोपऱ्यातून कोणीतरी पुटपुटलं, की पुरुष असतातच तापट, बाईने जरा समजून घ्यावं. अलकनंदांनी त्या दिशेला नुसतं पाहिलं. ती बाई तिळगूळ चघळायला लागली.

“तुझ्या डोक्यात बिघाड नाही आणि हृदयातही नाही,” अलकनंदा रुचिराला म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. “जिन्यात पावलं वाजली की जिची छाती धडधडते, तिला झोप कुठून येणार? यात तुझी काही चूक नाही.”

कल्पनाकाकूंचा चेहरा पडला होता. त्यांनी वाट सोडली. वैभवीने रुचिराला आत नेलं. अलकनंदांनी अंगावरच्या खुणा पाहिल्या, एकेक नीट लिहून ठेवली. वैभवीने संरक्षण कुठे मिळतं, आज रात्री कुठे राहता येईल, कायदा काय म्हणतो, सगळं सांगितलं. आणि विचारलं, तुला स्वतःला काय हवं आहे? हा प्रश्न तिला बऱ्याच काळात कोणी केला नसावा.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सिद्धांत. अलकनंदांनी हात पुढे केला, पण रुचिराने तो स्वतःच उचलला.

“मी आज घरी येत नाहीये. वर यायचं नाही.”

तो आलाच. आधी जिन्यात पावलं वाजली, मग बेल. रुचिराने वैभवीचा हात घट्ट धरला. बाहेरच्या खोलीत बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पुन्हा बेल, आणि मग तोच गोड आवाज: “काकू, जरा दार उघडता का?”

कल्पनाकाकू उठल्या. त्यांनी कडी लावली, भारी खुर्ची ओढत दारापाशी आणली आणि पैठणीसकट तीत पाठ टेकून बसल्या.

“पोलिसांना फोन लावा,” त्या डॉक्टरांना म्हणाल्या, “आणि कोणीतरी चहा टाका गं. मी काही इथून हलत नाही.”