ल्यूकनच्या परसातलं पाऊल

मी दगड बोलतोय. रस्त्यावरचा कुठलाही नाही हं, राजांनी पाय ठेवलेला दगड. सध्या मुक्काम तुमच्यापासून सातासमुद्रापार, ल्यूकन गावातल्या एका घराच्या परसात, लाकडी शेडच्या पुढे, कचऱ्याच्या डब्यांच्या शेजारी. मानपान गेला, पण पाठीवरची खूण गेली नाही. माझ्या पाठीवर एक उजवं पाऊल कोरलेलं आहे. कोणी कोरलं ते आठवत नाही. दुखलं होतं, एवढं आठवतं.

त्या काळी इथे लिफी नदीकाठी एक टेकडी होती आणि टेकडीवर मी. राजे तर इतके होते की दोन ओढे ओलांडले की दुसऱ्याचं राज्य. राजा मेला की त्याच्या भाऊबंदांतून नवा निवडायचा, आणि त्याने अनवाणी येऊन माझ्या पावलात पाऊल ठेवायचं, अशी रीत होती. खरा राजा उभा राहिला की दगड ओरडतो, असंही लोक म्हणायचे. मी जन्मात कधी ओरडलो नाही. पण ज्याच्या बाजूला भाले जास्त, त्याच्या वेळी माझा आवाज सगळ्यांना बरोब्बर ऐकू यायचा.

बाकीचे राजे मी विसरलो. एकाला विसरता आलं नाही, आणि तो राजा झालाच नाही. द्रोस्तान त्याचं नाव. आमच्या म्हाताऱ्या राजाला मुलगा नव्हता. एकुलती एक मुलगी, तीही समुद्रापलीकडे, उत्तरेच्या पिक्ट लोकांत दिलेली. तिचा हा मुलगा. आजोबाने त्याला लहानपणीच इकडे आणून वाढवला होता. पिक्टांमध्ये गादी आईच्या बाजूने चालते, असं द्रोस्तान सांगायचा. त्यावरून तिकडेही डोकी फुटत होती म्हणे. म्हाताऱ्याला मात्र ते पटलं होतं, कारण नातवावर त्याचा भारी जीव.

म्हातारा गेला आणि त्याचा पुतण्या फियाख्रा पुढे आला. "वडिलांच्या बाजूचा मी इथे धडधाकट असताना, परक्या घरात दिलेल्या मुलीचं पोर राजा कसं होईल?" असं त्याने टेकडीवर सगळ्यांसमोर विचारलं. पुष्कळांनी माना डोलावल्या, पण काही जण द्रोस्तानच्या बाजूने अडून बसले. मग फियाख्राने सोपी वाट काढली. अंगात व्यंग असलेला माणूस राजा होऊ शकत नाही, असा इथला नियम. त्याने द्रोस्तानला मारलं नाही. माझ्यापासून हाकेच्या अंतरावर त्याचे डोळे काढले. दुसऱ्या दिवशी फियाख्रा माझ्यावर उभा राहिला आणि लोकांनी, अर्थातच, माझा आवाज ऐकला.

द्रोस्तान त्यानंतरही बरीच वर्षं जगला. रोज संध्याकाळी चाचपडत टेकडी चढायचा, हाताने माझं पाऊल शोधायचा आणि त्यात पाय ठेवून उभा राहायचा. कोणी हटकत नसे. आंधळ्याला कशाला हटकायचं? मग तो मेला, पण त्याचं येणं काही थांबलं नाही. टेकडी सपाट झाली, तिथे शेतं आली, शेतं गेली आणि घरं आली. घरं बांधणाऱ्यांनी मला यंत्राने उपटून शेडपुढची पायरी करून टाकलं. तिथेही तो मला शोधत आला. उजेड उतरला की गवत दबायचं आणि माझ्या पाठीवर एका माणसाचं वजन येऊन पडायचं. दगडाला कसली भीती, असं तुम्ही म्हणाल. एकदा माझ्या जागी पडून बघा.

या घरात एक नागपूरचं कुटुंब राहायला आलं. पूर्वाचं ऑफिस ग्रँड कॅनाल डॉकला, तिचा नवरा लिक्सलिपच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात, आणि त्यांची शाळकरी मुलगी ईशा. २०२०च्या सुरुवातीला पूर्वाची आई, सुलक्षणाबाई, थोडे दिवस राहायला म्हणून आल्या आणि विमानंच बंद झाली. त्यांचे यजमान वसंतराव आलेच नव्हते. घरच्या देवांची पूजा एक दिवसही चुकता कामा नये, म्हणून ते नागपुरातच राहिले.

घरात बसून बसून कंटाळल्या तशा बाईंनी परस झाडायला घेतलं. माझ्यावरचं शेवाळ खरवडलं, तर खाली पाऊल. बाईंनी हातातला झाडू टाकला.

"पूर्वा, अगं इकडे ये! हे तर विष्णूचं पाऊल आहे. गयेला असंच आहे."

"आई, शेडची पायरी आहे ती."

"पायरी म्हणून पाय देऊन राहिलो आपण याच्यावर इतके दिवस, बाप्पा!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून मला कोमट पाण्याची आंघोळ, हळदकुंकू आणि कुंपणावरचं एक फूल. इतक्या शतकांत मला कोणी प्रेमाने धुतलं नव्हतं. मी देव नाही हे मला ठाऊक होतं, पण खोटं कशाला बोलू, आवडलं. द्रोस्तान संध्याकाळी यायचा आणि त्या कुंकवावरच उभा राहायचा. त्या बिचाऱ्याला काय दिसणार!

पुढच्या वर्षी एप्रिलात नागपूरहून फोन यायला लागले. आधी ताप, मग ऑक्सिजन, मग बेड मिळाला, आणि मग वसंतराव गेल्याचाच फोन आला. जायची सोय नव्हती. पुतण्या नरेशने अग्नी दिला, आणि बाईंनी तो मुलीच्या मोबाईलवर पाहिला. शेजारीण कुंपणाशी येऊन "सॉरी फॉर युअर ट्रबल" असं इथल्या दुखवट्याच्या रीतीने म्हणाली, घरी केलेला केक कठड्यावर ठेवला आणि डोळे पुसत आत गेली.

चार दिवसांनी नरेशचा फोन आला. मागचं दार उघडं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"काकू, तेराव्याला वारसाचं पागोटं मी बांधून घेतो. अन् देव मी माझ्याकडे नेतो. कुळाचार काही मुलीकडे जात नसतो."

"दादा, बाबांची मी एकटीच आहे," पूर्वा म्हणाली. "देव माझ्याकडे येतील."

"तू दुसऱ्या घरची झाली ना आता. अन् देव काय समुद्रापार नेशील?"

नरेश काही वाईट माणूस नव्हता. काकाला दवाखान्यात डबा त्यानेच पोचवला होता. पण त्याचं बोलणं ऐकून मला ती टेकडी आठवली. ज्या देवांपायी नवरा मागे राहिला, ते देव कुणाच्या हाती द्यायचे, हे आता सुलक्षणाबाईंनाच ठरवायचं होतं.

त्या संध्याकाळी त्या माझ्यापाशी येऊन बसल्या. थोड्या वेळाने गवत दबलं आणि नेहमीचं वजन माझ्या पाठीवर पडलं. बाईंनी चमकून वर पाहिलं. मग त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"आलात होय जी?" त्या म्हणाल्या. "मला वाटलंच, याल तुम्ही."

मला ओरडावंसं वाटलं. बाई, हे तुमचे यजमान नव्हेत, हा एक आंधळा परका माणूस आहे, हजाराहून जास्त वर्षांचा! पण दगडाचं तोंड कुठे असतं?

मग रोजच ते सुरू झालं. बाई त्याला दिवसभराचं सांगायच्या, नरेश काय म्हणतो, पूर्वा कशी रडते. द्रोस्तानला एक अक्षर कळत नव्हतं, पण तो मान कलती करून ऐकायचा. त्याच्याशी कोणी बोललंच नव्हतं इतक्या काळात. ईशा एकदा दारात येऊन म्हणाली, "आजी, हू आर यू टॉकिंग टू?"

"तुझ्या आजोबांशी."

पोरीने माझ्याकडे पाहिलं आणि ती दोन पावलं मागे सरकली.

दहाव्याच्या दिवशी नागपूरला घाटावर कावळा पिंडाला शिवेना. ताटकळून ताटकळून शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. ते कळल्यावर बाईंनी भात शिजवला, त्यावर दही घातलं आणि पिंड आणून माझ्यावर ठेवला. इथले कावळे अंगाने लहान, मान करडी, डोळे पांढुरके. ते कुंपणावर ओळीने बसले, पण खाली एकही उतरला नाही. भरदिवसा द्रोस्तान माझ्यावर उभा होता. तो कधीच दिवसा येत नसे.

"काय राहिलं जी तुमचं मनात?" बाईंनी हात जोडले. "देवांचंच ना? मग ऐका. देव माझ्या लेकीकडे जातील. लेकीनंतर तिच्या लेकीकडे. परक्या घरची म्हणून तिचा हक्क मी कोणाला बुडवू देणार नाही."

हे शब्द माझ्यासमोर आजवर कोणीही उच्चारले नव्हते. द्रोस्तानला मराठी येत नव्हतं, तरी त्याला कळलं. माझ्या पाठीवरचा पाय थरथरला आणि उचलला गेला. लगेच एक कावळा खाली आला आणि त्याने भाताला चोच लावली. पूर्वा आईच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली.

तेराव्याला बाईंनी फोनवर नरेशला स्पष्ट सांगितलं की पागोटं कोणालाच बांधायचं नाही आणि देव पूर्वाचे. त्या येईपर्यंत पूजा तेवढी त्याने करावी. "हे ठरवलं कोणी, काकू?" नरेशने विचारलं. "तुझ्या काकांनी," बाई म्हणाल्या, "मला इथे येऊन सांगितलं." नरेशने "बरं" म्हणून फोन ठेवला. त्या दिवसापासून बाईंना शांत झोप लागायला लागली. यजमान सुटले, अशी त्यांची खात्री पटली. त्या अजून कधी कधी कुंकू वाहतात, पण संध्याकाळी बाहेर बसत नाहीत. माझी पाठही हलकी झाली होती. आता मी नुसता दगड म्हणून पडून राहीन, असं मला वाटलं.

आता ऑक्टोबर उजाडलाय. विमानं सुरू झालीत आणि देव आणायला बाई नागपूरला निघाल्या आहेत. बॅगा दारात आहेत.

आणि कालच्या संध्याकाळी गवत पुन्हा दबलं. मी घाबरलो, द्रोस्तान परत आला असं वाटलं. पण हे पाऊल निराळं होतं. म्हाताऱ्या माणसाचं, दमलेलं, फार लांबून पायी आल्यासारखं. त्याने चपला काढून बाजूला ठेवल्या. कुंकू पाहिलं आणि पावलावर पाय दिला नाही. कडेला अंग चोरून उभा राहिला, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत. आत बाई ईशाला काहीतरी सांगून हसत होत्या.

"अगं," तो म्हणाला. एवढंच. आत कोणाला ऐकू गेलं नाही. तेव्हापासून तो इथेच उभा आहे.

सुलक्षणाबाई, टॅक्सी आलीय. पुढच्या दाराने जाऊ नका. एकदा, फक्त एकदा, मागचं दार उघडा.