दीपगृहापर्यंत पोहोचलात का?

टोकियोतल्या एका मासिकात कुरामोची व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहायचा. साठ तासांचा साहसखेळ आठ तास खेळायचा आणि दहापैकी गुण ठोकून द्यायचे, हीच तिथली रीत. एकदा तो कुरकुरला, तेव्हा संपादक खेकसले, "शेवटपर्यंत खेळत बसलास, तर अंक काय पुढच्या जन्मी काढायचा?"

मग इसोगाई नावाच्या माणसानं एकहाती रचलेल्या सागरी खेळाला त्यानं चार गुण दिले आणि वर ठणकावलं, 'शेवट पार फसलाय.' मोठा न्यायाधीशच लागून गेला होता! शेवट त्यानं पाहिलाच नव्हता. खेळ बाजारात आपटला.

त्यानंतर दर नववर्षाला इसोगाईचं शुभेच्छापत्र येई. खाली एकच ओळ असे: 'दीपगृहापर्यंत पोहोचलात का?' कुरामोचीही दरवर्षी बेधडक लिही, 'पोहोचलो तर! काय देखणं आहे!'

नऊ वर्षांनी डिसेंबरात काळ्या काठाचं कार्ड आलं. इसोगाईच्या बायकोनं लिहिलं होतं, 'हे गेले. यंदा शुभेच्छा पाठवू नयेत.'

कुरामोचीला राहवलं नाही. त्या खेळाची जुनी कॅसेट शोधून तो पहिल्यांदाच शेवटपर्यंत खेळला. समुद्राचा कोपरा न् कोपरा त्यानं पालथा घातला.

दीपगृह त्या खेळात कुठंच नव्हतं.