ठिपक्यांचा आळ

मी बोलतोय ते एका कॅमेऱ्याच्या मुठीतून. कॅमेरा हातात धरला की तुमच्या तळहातापासून प्लास्टिकच्या एका पातळ भिंतीपलीकडे मी असतो. मी पॉवर सप्लाय, काडेपेटीएवढी हिरवी पट्टी. नाव ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे काहीच आलं नसेल, याची मला सवय आहे. लोक फोटोचं कौतुक करतात, फार तर भिंगाचं करतात. पॉवर सप्लायला कोणी शाबासकी दिल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

माझं काम तसं स्वयंपाक्याचं. भिंगामागे सेन्सर बसलेला असतो. बघण्याचं काम त्याचं, आणि त्याला जेवू घालण्याचं माझं. हा गडी खाण्यापिण्यात भारी नखरेल. मोबाइलच्या बॅटरीतून मला मिळते जेमतेम चार व्होल्ट वीज. त्याला मात्र पंधरा हवेत, शिवाय उणे आठ हवेत, आणि तेही अगदी नितळ. घासात जरा खडा लागला की तो फोटोभर रेघा उमटवून माझी अब्रू चव्हाट्यावर मांडतो.

मला स्वतःला डोळे नाहीत. मी अर्धवट झोपेत असल्यासारखा जगतो. सेन्सरला समोर काय दिसतंय ते मला त्याच्या भुकेवरून कळतं आणि आजूबाजूचं बोलणं दुरून आल्यासारखं ऐकू येतं. मी तुम्हाला जे सांगणार आहे ते सगळं असं धुक्यातून आलेलं आहे. त्यात एक गोष्ट मात्र मला स्वच्छ कळली होती. एका बाईची नजर जात होती आणि त्याचा आळ माझ्यावर आला होता.

माझा जन्म आसनगावचा. हेमंतच्या घरामागे एक खोली आहे. पूर्वी तिथे भाताची कणगी असायची. मी आलो तेव्हा कणगी गेली होती, पण भाताच्या तुसाचा वास भिंतींत तसाच होता. हेमंत बरीच वर्षं मुंबईच्या एका कारखान्यात सर्किटं बनवत होता. मग त्याने नोकरी सोडली आणि या खोलीत टेबल मांडलं. कल्याणच्या डॉक्टर नम्रता मुरबाडकडच्या पाड्यांवर डोळ्यांची शिबिरं घ्यायच्या. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढणारं त्यांचं यंत्र टेबलाएवढं होतं, ते पाड्यावर न्यायचं कसं आणि तिथे लाइट असेलच याचा भरवसा कोणी द्यायचा? त्यांना एका हातात मावेल आणि बॅटरीवर चालेल असा कॅमेरा हवा होता. भिंगाची जुळणी त्यांच्या ओळखीच्या एकाने करून दिली. त्या मुठीत मावेल असा पॉवर सप्लाय बनवणं हेमंतकडे आलं.

आणि माझी कॉइल गुंडाळली ती निर्मलावहिनींनी. वाशिंदच्या एका कॉइलच्या कारखान्यात त्यांनी उमेदीची वर्षं काढली होती. तो बंद पडल्यावर त्या हेमंतकडे येऊ लागल्या. केसापेक्षा बारीक तांब्याची तार त्या मण्याएवढ्या चकतीवर गुंडाळत आणि गुंडाळताना गुणगुणत. त्यांच्या बोटांची ऊब मला अजून आठवते. काम करता करता त्या हेमंतला चिडवायच्याही.

"एवढासा सप्लाय, आनि त्याच्यासाठी अख्खी खोली अडवून बसलास. आयशीनं भात ठेवायचा कुठं रे?"

हेमंत हसायचा. त्याला माझ्यासाठी एक छान युक्ती सुचली होती. मी वीज वर चढवतो ती झपाट्याने साठवून आणि सोडून. त्यात थरथर होते, आणि ती थरथर फोटोत उतरते. वीज साठवून ठेवणारे मोठे कपॅसिटर लावले की ती शमते, पण मग मी मुठीत मावत नाही. म्हणून त्याने मला सेन्सरच्या तालाशी बांधलं. सेन्सर चित्राची एक ओळ वाचायला लागला की मी श्वास रोखायचा, ओळ संपली की सोडायचा. पुन्हा ओळ, पुन्हा श्वास. मला ते फार आवडायचं. आम्ही दोघं मिळून एखादं गाणं म्हणतोय असं वाटायचं.

माझी पहिली परीक्षा काळोखात झाली. भिंगावर झाकण लावून फोटो काढायचा, आणि तो पूर्ण काळा आला की सप्लाय पास. माझा फोटो काळाकुट्ट आला, एक रेघ नाही की ठिपका नाही. हेमंतने टेबलावर थाप मारली. मी तेव्हा काही दिवस हवेत होतो.

मग खऱ्या डोळ्याची वेळ आली. खिडकीवर शेजारच्या सावळारामकाकांची ताडपत्री टांगून खोली अंधारी केली. निर्मलावहिनी लाकडी घोडीवर हनुवटी टेकून बसल्या. अंधारात बाहुली मोठी झाली, फ्लॅश उडाला, आणि सेन्सरला जे दिसलं त्याने मीसुद्धा शहारलो. आत एक नारिंगी चंद्र होता आणि त्याच्यावर लाल शिरा ओढ्यांसारख्या पसरल्या होत्या. माणसाच्या आत एवढं मोठं आकाश असतं हे मला ठाऊक नव्हतं. त्या आकाशात काही बारीक ठिपके होते.

हेमंतने कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ नाक नेलं. "ठिपके येतायत," तो पुटपुटला. "फ्लॅश उडला की सप्लाय मार खातोय."

त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. फ्लॅश बॅटरीतला मोठा घोट पिऊन टाकतो आणि क्षणभर मला कमी पडतं. झाकण लावल्यावर ठिपके नाहीत, फ्लॅश उडाला की आहेत, म्हणजे चोर पॉवर सप्लायच. मी त्या क्षणीही पुरा पडलो होतो. सेन्सरला माझ्याकडून नितळ वीज गेली होती. पण मला बोलता कुठे येतं?

त्या दिवसापासून माझी चिरफाड सुरू झाली. हेमंतला मुंबईच्या कारखान्यात एक शिस्त लागली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं. शिस्त चांगलीच आहे. त्याने कपॅसिटर बदलले, माझ्या पट्टीवरच्या तांब्याच्या रेषा नव्याने आखल्या, कॉइल नवी गुंडाळून घेतली. दर वेळी खोली तीच, घोडी तीच, अंतर तेच आणि डोळा निर्मलावहिनींचा. डोळा बदलून बघावा हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. डोळा हा त्याच्या हिशेबात न बदलायच्या वस्तूंपैकी होता.

आणि ठिपके वाढत चालले. दुरुस्ती झाली की काही आठवड्यांनी नवा फोटो, आणि त्यात ठिपके आधीपेक्षा जास्त. मग तो माझ्यावर आणखी चिडायचा. मी जाडजूड झालो, मुठीत मावेनासा झालो. डॉक्टर नम्रतांचा फोन आला की तो म्हणायचा, "अजून थोडं काम आहे, डॉक्टर. डाग असलेला फोटो तुम्हाला दाखवायचा नाही मला." त्यातला एक जरी फोटो त्यांना दिसला असता! पण अर्धवट काम दाखवायची त्याला लाज वाटायची.

निर्मलावहिनी आता गुणगुणत नव्हत्या. कॉइल घेऊन त्या दाराच्या उजेडात जाऊन बसत.

"यंदा तार लय बारीक आलीय बघ," त्या म्हणायच्या.

तार तीच होती. मला तिचं वजन माहीत होतं. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे, मला नको उघडूस, त्या बाईकडे बघ. आणि मी आपला ओळीओळीला श्वास रोखत पडून राहायचो.

आषाढात आवणी सुरू झाली. गाव सगळं भाताची रोपं लावायला खाचरांत उतरलं, निर्मलावहिनीही आपल्या शेतावर गेल्या. हेमंतने तेवढ्यात मला पुन्हा नव्याने आखलं, त्या तालाच्या युक्तीवर परत येऊन, काडेपेटीएवढं. त्याच दुपारी सावळारामकाका ताडपत्री न्यायला आले. पावसात शेतावर त्यांना ती डोक्यावर घ्यायला हवी होती.

"काका, दोन मिनिटं बसा. डोळ्याचा फोटो काढतो."

"माझ्या डोळ्याचा फोटो काढून काय करनार? बैल उभे हायेत तिकडं. घे, लवकर घे."

चिखलाचे पाय घेऊनच काका बसले. फ्लॅश उडाला. नारिंगी चंद्र, लाल ओढे, आणि ठिपका एकही नाही. हेमंत खुर्चीवरून उठला. काकांना काही कळायच्या आत त्याने त्यांना मिठी मारली, आणि ताडपत्री स्वतः त्यांच्या दारात पोचवून आला. त्याला वाटलं, जमलं. नव्या आखणीने दोष गेला. त्याने मला मुठीत बसवून चारही स्क्रू घट्ट आवळले. इतक्या महिन्यांनी मी निर्दोष ठरलो होतो, पण त्या बाईकडे अजून कोणी बघितलं नव्हतं.

आवणी उरकून निर्मलावहिनी आल्या. हेमंतने त्यांना हौसेने बसवलं. डॉक्टरांना दाखवायला त्याला आधीचा आणि आताचा, असे दोन फोटो शेजारी ठेवायचे होते. काकांनी ताडपत्री नेलेली, म्हणून खिडकीवर घोंगडी टांगली. फ्लॅश उडाला.

ठिपके होते. पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त.

हेमंतने पुन्हा काढला. मग कॅमेरा स्वतःच्या डोळ्याला लावून काढला. स्वच्छ. मग त्याने सगळे जुने फोटो एकामागून एक उघडले. प्रत्येक ठिपका आपल्या जागी होता, त्याच शिरेच्या त्याच वळणावर, आणि दर फोटोत शेजारी नवे आलेले.  

"बिघडली का रे मशीन परत?" निर्मलावहिनींनी विचारलं.

"नाय वयनी. मशीन बरोबर हाय. पहिल्यापासून बरोबर होती."

 निर्मलावहिनींनी हनुवटी घोडीवरून काढून पदराने तोंड पुसलं.

"मला ठावं व्हतं. होळीपासनं अंधुक दिसतंय. डोळ्यापुढं माशा नाचतात."

"मग बोलला का नाय?"

"बोलले असते तर तू कॉइलला दुसरी बाई बघितली असतीस."

 हेमंत रडला, आणि मला त्या वेळी त्याचा राग आला नाही. इतके महिने तो त्या बाईचा आजार रोज डोळ्यांसमोर ठेवून बसला होता, आणि तो बरा व्हावा म्हणून मला औषध देत होता.

दुसऱ्या दिवशी तो त्यांना कल्याणला घेऊन गेला. डॉक्टर नम्रतांनी फोटो बघताक्षणी रक्तातली साखर तपासायला लावली; ते ठिपके म्हणजे साखरेमुळे पडद्यावर झिरपलेलं रक्त होतं. ती कधीपासून वाढलेली होती कोण जाणे. लेसर झालं. उजवा डोळा वाचला. डावा धुरकट राहिला तो राहिलाच. डॉक्टर एवढंच म्हणाल्या की होळीला आल्या असत्या तर दोन्ही वाचले असते. कॉइल गुंडाळणं मात्र सुटलं. माझ्यात आहे ती त्यांनी गुंडाळलेली शेवटची. तिचे वरचे वेढे एकमेकांवर चढलेत. "वाकडी झालीय, बदल ती," त्या हेमंतला म्हणाल्या होत्या. त्याने ती बदलली नाही, आणि त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

पुढे मी मुरबाडच्या पलीकडे टोकावड्याकडच्या पाड्यांवर खूप फिरलो. निर्मलावहिनी शिबिराला सोबत असायच्या. ज्या बायका घाबरायच्या त्यांना घोडीपुढे बसवायचं काम त्यांचं. वीटभट्टीवरून परतलेली हिरी नावाची एक बाई दारातूनच मागे फिरली होती. तिला वाटलं, यंत्र डोळा काढून घेतं.

"काय काढत नाय गो," निर्मलावहिनींनी तिचा हात धरला. "माझा कितींदा काढला फोटो. बघ, दोन्ही डोळे जाग्यावर हायेत. बस, मी हाय हितं."

हिरी बसली. तिच्या आकाशातही ठिपके होते, अगदी थोडे. त्या वेळी कोणी मला उघडलं नाही. हेमंतने फोटो बघितला आणि तडक डॉक्टरांना हाक मारली.

आता २००९ साल आहे. नवे कॅमेरे आलेत, त्यांचे सप्लाय नखाएवढे असतात म्हणे. माझ्या बॅटरीच्या पत्र्यांवर हिरवट गंज चढलाय आणि मी आसनगावच्या त्या खोलीत एका खणात झोपलेला असतो. मधूनच मला स्वप्नात नारिंगी चंद्र दिसतात, कोणाकोणाचे, सावकाश फिरणारे.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत दुखलं, हात थरथरला, तर घरात, कामावर, कोणाला तरी सांगा. काम जाईल या भीतीने गप्प बसू नका. तुम्ही गप्प बसलात, तर तुमच्यावर माया असलेलं कोणीतरी भलत्याच वस्तूचे स्क्रू काढत बसेल, आणि त्या वस्तूला बोलता येणार नाही.