मुक्ताबाईच्या समाधीला आलेलं रडू

"आली! माय रडाया लागली!"

सणसरच्या जुन्या समाध्यांच्या रानात सकाळी सातलाच झुंबड उडालेली. आठ दिवस पावसाचा टिपूस नाही, तरी मुक्ताबाईच्या समाधीचा दगड ओलाचिंब, कडेनं थेंब ओघळतायत. नेत्रानंद महाराज ते कापसानं टिपून बाटलीत पिळत होते. हे महाराज परवापर्यंत भिगवणहून मासळीचा टेम्पो हाकायचे. दिव्यदृष्टी नेमकी कुठल्या वळणावर मिळाली, ते त्या टेम्पोलाच ठाऊक.

"दोन थेंब घाला, मोतीबिंदू खलास! दुपारी येऊ नका, माय झोपलेली असते!"

गावाचा इतिहास पोरांना एकेका समाधीपाशी उभं करून सांगायचा, हा शाळेतल्या स्वरूपाबाईंचा दर श्रावणातला नेम. आज पोरं घेऊन आल्या, तर रांगेत पहिली त्यांचीच सासू, दगडाबाई! सोमवारी बारामतीला मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं, आणि म्हातारी ते नको म्हणून हटून बसलेली. चार दिवस हे पाणी घालून डोळा लालभडक झाला होता.

"आत्या, झोंबतंय ना?"

"झोंबनारच. दोष निघतोय. अन् चाखून बघ, खारट हाय. आसवंच ती!"

"सगळ्यांना ऐकू जाऊ दे, समाधीवर काय वाहिलंत?"

"मीठ. चामखीळ जावी म्हनून पिढ्यान्‌पिढ्या वाहत्यात. महाराज म्हनलं, आता पसापसा वाहा."

"बरं. जरा पलीकडं चला सगळे."

त्या एका पडक्या समाधीपाशी थांबल्या. "हे हिंदुराव पाटकरी. कालव्याच्या पाण्याची पाळी यांच्या हातात. शेजाऱ्याचा ऊस वाळला तरी यांच्या डोळ्यात कधी पाणी आलं नाही म्हणतात. रावजीआबा, लावा हात."

रांगेतल्या रावजीआबांनी हात लावला आणि ते ओरडले, "आयला! ह्यो बी रडतोय!"

सगळं रान खिदळलं.

"चार दिवस मी इथं गुपचूप मीठ टाकतेय," स्वरूपाबाई म्हणाल्या. "या दोन समाध्यांच्या मधल्या दगडावर टाकलं नाही, तो कोरडा ठणठणीत. श्रावणात मिठाची बरणी उघडी राहिली तर पाणी सुटतं का नाही? मीठ हवेतली ओल ओढून घेतं. ऊन तापलं की वाळतं."

"म्हून दुपारी माय झोपती व्हय!" आबा म्हणाले. "महाराज, घाला की दोन थेंब तुमच्या डोळ्यात."

"माजी नजर चांगली हाय," म्हणत महाराजांनी झोळी आवरली आणि काढता पाय घेतला.

दगडाबाई मात्र हिरमुसली. "म्हंजी मुक्ताबाई खोटी?"

"छे! ती खरी. सुईण होती. देवीची साथ आली, लोक लस नको म्हणून पोरं कणगीत लपवायचे. तिनं भर चावडीवर आधी स्वतःच्या लेकीला टोचून घेतलं, तेव्हा गावची पोरं बाहेर निघाली. तिला मानायचं तर तिच्यासारखं वागा. कुणी चमत्कार सांगितला तर पडताळून बघा, आणि दुखणं डॉक्टरला दाखवा."

म्हातारी घुटमळली. मग हळूच म्हणाली, "मला आपरेशनचं भ्या वाटतं गं."

"वाटणारच, आत्या. तिला नसेल वाटलं? पोटची पोर होती."

दगडाबाईनं बाटली जमिनीवर उपडी केली आणि पदर डोळ्याला लावला.

"सोमवारपत्तोर कशाला थांबायचं? आत्ताच चल दवाखान्यात. लई झोंबतंय!"