सुकीची गियरची सायकल

लहान्याने हात वर केला आणि हुकाला टांगलेल्या सायकलीच्या नळीवरचा खड्डा अंगठ्याने चाचपला. त्याच्या पुढे बोटभर अंतरावर दुसरा होता. आणखी खाली, जिथे नळ्या एकत्र येतात तिथे, तिसरा. डोळे मिटूनही त्याने उरलेले शोधून काढले असते. त्यातले बरेच त्यानेच दगडाने पाडले होते.

"ओ काका, हात नका लावू," आतून नविन म्हणाला. "मुंबईची पार्टी येतेय तिला बघायला."

नविनचं सायकलचं दुकान डहाणूत सागर नाक्याजवळ होतं. लहान्या वेवजीहून चिकू तोडायची जाळी घ्यायला आला होता. जाळी काखेत धरून तो एसटी स्टँडकडे निघाला होता आणि या दुकानापुढे थांबला होता. सायकलीला चाकं नव्हती, सीट नव्हती, हँडल काढून खाली ठेवलेलं होतं. नुसता हिरवा सांगाडा टांगलेला. तरी त्याने ओळखली.

"कुठून आणली ही?"

"भंगारवाल्याकडनं. का? तुमची हाय काय?"

"माझ्या बायकोची."

नविन हसत बाहेर आला. त्याच्या हातात सँडपेपरचा तुकडा होता. "बायकोची? गियरवाली? काकी काय डोंगरावर रेस लावते का?"

लहान्याने काखेतली जाळी खाली ठेवली. तो दुकानाच्या पायरीवर बसला.

थट्टा त्याला नवी नव्हती. सुकी पाड्याची आशाताई होती. गोळ्यांची पिशवी हँडलला अडकवून ती या पाड्यावरून त्या पाड्यावर जायची. सायकल तिला लग्नाआधीच मिळाली होती. तिचा बाप एका चिकूच्या वाडीवर राखण करायचा. वाडीच्या मालकाची मुलगी कायमची परदेशी निघाली, तेव्हा जाताना ती आपली सायकल सुकीला देऊन गेली. परदेशी बनावटीची होती. जाड टायर, अंगठ्याने फिरवायचे गियर. लग्न झाल्यावर सुकी स्वतः ती चालवत वेवजीला आली, आणि लहान्या मागच्या कॅरियरवर बसून. त्याला सायकल येत नव्हती. पुढेही तो शिकला नाही. आठवड्याच्या बाजाराला दोघं तशीच जात, आणि नळावरच्या बायका ओरडत, "लहान्या, घट्ट धर रे, सासरी पोचेपर्यंत पडशील!" सुकी मुद्दाम घंटी वाजवायची.

पुढे तिचा उजवा गुडघा गेला. चालताना ती पाय ओढायची, उतारावर तर बसतच उतरायची. पण सायकलवर बसली की तिला काही होत नसे. चढ आला की ती बारीक गियर टाकायची आणि हळूहळू वर जायची. "पाय मला सोडून गेला, ही नाय सोडत," असं ती म्हणायची.

मग भूकंपाचे धक्के सुरू झाले. घरातली भांडी वाजायची, भिंतींना चिरा पडल्या. सगळा पाडा थंडीत घराबाहेर प्लास्टिकखाली झोपू लागला. सुकी ताप आलेल्या पोरांना गोळ्या वाटत फिरली आणि शेवटी तिलाच ताप आला. छातीत भरला. दवाखान्यात नेली तेव्हा ती बोलत होती. परत आणली तेव्हा नव्हती.

"काका, हे बघा," नविनने आवाज जरा खाली आणला. "मी चोरीचा माल घेत नाय. रोख देऊन घेतलीय. पोलीस-बिलीस लफडं नको हां."

"मला पोलीस नाय पायजे."

तेवढ्यात गाडी येऊन थांबली. उतरलेला माणूस पन्नाशीचा होता, डोक्यावरचे केस गेलेले, अंगाने सडसडीत. तो नविनशी बोलला नाही, पायरीवर बसलेल्या लहान्याकडेही त्याने बघितलं नाही. सरळ सायकलीपाशी गेला, वाकला, आणि वरच्या नळीवर नखाने टिचकी मारली. बारीक घंटेसारखा आवाज निघाला.

"क्रोमोली स्टील," तो स्वतःशीच म्हणाला. मग नविनकडे वळला. "ऐकलंस? साधं लोखंड असं वाजत नाही. नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ ठेवलेली आहे. वजन कमी, ताकद तीच. सांधे बघ, पितळेने भरलेत. हाताने केलेलं काम आहे. आता कोणी करत नाही."

"तेच तर मी बोललो तुम्हाला फोनवर, प्रभुदेसाई साहेब. एकदम ओरिजिनल."

"तू फोनवर बोललास की लेडीज सायकल आहे."

"ते काय, सीट खाली होती ना."

प्रभुदेसाई हसले. नळीवर फिरता फिरता त्यांची बोटं खड्ड्यांवर थांबली. त्यांनी चष्मा काढून डोळे जवळ नेले.

"हे काय आहे? कोणीतरी दगडाने ठोकलंय. किती ठिकाणी बघ. खुन्नस काढल्यासारखं." त्यांनी खड्ड्याभोवतीचा रंग नखाने खरवडला. "आणि तडा नाही. कुठेच नाही. नविन, तुझ्याकडच्या अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलीला एवढे घाव घातले असते ना, कागदासारखी फाटली असती. हिने सगळे खाल्ले आणि सरळ उभी आहे. काय चीज बनवलीय."

"ते मी मारले," लहान्या म्हणाला.

दोघांनी वळून बघितलं.

"मोडायला मारले. मोडली नाय."

त्यांच्या पाड्यात माणूस गेलं की त्याच्या रोजच्या वस्तू त्याच्याबरोबर मसणात नेतात. ताट, पांघरूण, कोयता. पण तशाच ठेवत नाहीत. ताटाला भोक पाडतात, पांघरूण फाडतात, कोयत्याचं पातं वाकवतात. वस्तू इथे मेली तर तिथे त्या माणसाला मिळते. सुकीची राख थंड झाल्यावर लहान्याने तिचं ताट फोडलं, गोळ्यांच्या पिशवीचा बंद तोडला. मग सायकल आडवी घातली. चाकांच्या तारा पहिल्या ठोक्यातच वाकल्या. पण बाबल्या म्हातारा म्हणाला, "चाकं तर हयातीत बी बदलतात. अंग मोडलं पायजे." लहान्याने नदीतला दगड आणला. तो दमला तेव्हा शेजारच्या सुदामने मारला, मग पाड्यातल्या आणखी दोघांनी. दगडाचे टवके उडाले. शेवटी ऊन चढलं, बाया पाण्याला जायची वाट बघत बसल्या होत्या, आणि बाबल्याच म्हणाला, "राहू दे. एक पावसाळा खाल्ला की गंजून मरंल आपोआप." सगळ्यांना ते पटलं. मसणातल्या वस्तूला पाड्यातलं कोणी हात लावत नाही, म्हणून राखण ठेवायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. पावसाळा यायच्या आतच कोणीतरी बाहेरचा ती उचलून घेऊन गेला होता.

लहान्याने हे सगळं सांगितलं नाही. जेवढं जमलं तेवढं सांगितलं. नविनने सँडपेपर टाकला आणि हात पँटीला पुसले.

"मसणातली? अरे माताजी! आणि मी काल हिच्यावर टेकून डबा खाल्ला!" त्याने सायकलीपासून दोन पावलं मागे घेतली. "काका, आधी बोलायचं ना!"

"आता बोललो."

"मग आता काय पायजे तुम्हाला?"

"मोडून द्या. ती चालत असंल तिकडं," लहान्या म्हणाला. "तिचा गुडघा चांगला नाय."

प्रभुदेसाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग लहान्याच्या शेजारी पायरीवर बसले.

"तुमचं नाव काय?"

"लहान्या."

"लहान्याभाऊ, ही अशी सायकल आता मिळत नाही. पैसे टाकून पण नाही. मी हिची नीट काळजी घेईन. रंग नवा देईन, चाकं बसवीन. मोडायचीच असेल तर आपण दुसरी मोडू. मी तुम्हाला कोरी सायकल घेऊन देतो. गियरचीच. ती मोडा तुमच्या बाईंसाठी. चालेल?"

लहान्याने विचार केला. हे त्याला सुचलं नव्हतं. बाबल्याला विचारायला हवं, पण नवी वस्तू द्यायला तो नाही म्हणाला नसता. सुकीने आयुष्यात नवं असं फार थोडं वापरलं होतं.

"दाखवा," तो म्हणाला.

नविनने लगबगीने आतून एक सायकल बाहेर काढली. लाल-काळी, वर मोठमोठी अक्षरं चिकटवलेली, पुढे-मागे शॉक अ‍ॅब्जॉर्बर. "हिला डिस्क ब्रेक हाय. एकवीस गियर. पोरं पागल हायेत हिच्यासाठी."

लहान्या उभा राहिला. त्याने मघाशी त्या माणसाने मारली तशी टिचकी नळीवर मारली. पत्र्याच्या डब्यावर मारावी तसा आवाज आला. त्याने सीट दोन्ही हातांनी दाबली. सायकल खाली गेली आणि कुरकुरत वर आली.

"आमच्याकडं चढ लय हाय," तो म्हणाला. "आणि दगड. ती दिवसाला तीन-चार पाडे करते. मागं कधी माणूस बसतं, कधी बाळंतीण. टिकंल काय ही?"

"टिकेल की," नविन म्हणाला.

लहान्याने त्याच्याकडे बघितलं नाही. तो प्रभुदेसाईंकडे बघत होता.

प्रभुदेसाईंनी लाल सायकलीचा सांधा अंगठ्याने चोळला. तिथे वेल्डिंगचा गुठळ्या-गुठळ्यांचा पट्टा होता.

"साहेब, बोला ना," नविन म्हणाला.

"वर्षभर," प्रभुदेसाई म्हणाले. "फार तर दोन पावसाळे. मग इथून जाईल."

"मग तिला ही कशी देऊ?"

नविनने लाल सायकल ढकलत आत नेली.

प्रभुदेसाई उठले. कोपऱ्यातल्या डब्यातून त्यांनी खडू उचलला आणि हिरव्या सायकलीच्या वरच्या नळीवर, पुढच्या सांध्याच्या अगदी लगत, एक रेघ मारली. तशीच दुसरी खालच्या नळीवर. "ठीक आहे. हिचे पैसे मी देतो. हॅक्सॉ आण, नविन. इथून काप. दोन तुकडे होतील, घेऊन जायला सोपे."

लहान्याने रेघ बघितली. मग नळीची मधली मोकळी लांबी बघितली.

"हितंच का? कडंला?"

प्रभुदेसाई खडूचा तुकडा बोटांत फिरवत राहिले.

"तुम्ही म्हणाला, टोकाला जाड असते," लहान्या म्हणाला. "जाडजूड जागी कशाला कापायची?"

"तिथून कापली तर..." प्रभुदेसाई रस्त्याकडे बघत म्हणाले, "तर पुढेमागे जोडता येते. पितळ भरून. चांगल्या कारागिराने जोडली तर कळतही नाही. हे स्टील तसंच असतं."

"मंजे मरत नाय."

"नाही."

लहान्याने अंगठ्याला थुंकी लावून रेघ पुसली. तो रागावला नव्हता. शेजाऱ्याच्या पोराला चिकू उचलताना बघावं तसं त्याने प्रभुदेसाईंकडे बघितलं. "जिथं जोडता येत नाय ती जागा दाखवा. तुमालाच म्हाईत हाय."

प्रभुदेसाईंनी नळीच्या मध्यावर रेघ मारली. मग तिच्यापासून वीतभर अंतरावर आणखी एक. खालच्या नळीवर तशाच दोन. त्यातली एक रेघ वाकडी आली.

नविन कापायला तयार होईना. मसणातल्या वस्तूला तो आता हात लावणार नव्हता. त्याने करवत आणि दोन पाती पायरीवर आणून ठेवली आणि स्वतः पलीकडच्या पानपट्टीवर जाऊन उभा राहिला. तेव्हा लहान्याने सायकल खाली घेतली, पुढचा भाग दोन्ही गुडघ्यांत आवळून धरला. मागचा भाग प्रभुदेसाईंनी धरला. त्यांच्या पांढऱ्या शर्टाला काळं ग्रीस लागलं.

पातं पहिल्यांदा नुसतंच घसरलं. रंगावर पांढरा ओरखडा उठला. लहान्याने जोर लावला. किंचाळल्यासारखा आवाज निघाला आणि येणारी-जाणारी माणसं थांबून बघू लागली. एक मासळीवाली टोपली डोक्यावर घेऊन उभी राहिली. "चांगली सायकल कशापायी कापतात गो?" तिने शेजारणीला विचारलं. शेजारणीला माहीत नव्हतं.

"रेटू नका," प्रभुदेसाई म्हणाले. "लांब ओढा. पूर्ण पातं वापरा. ते आपोआप खातं."

लहान्याने लांब ओढलं. एक पातं बोथट झालं. प्रभुदेसाईंनी ते काढून दुसरं बसवलं, आणि पुढचा काप त्यांनीच घेतला. लहान्या धरून बसला. शेवटचा धागा तुटला तेव्हा नळीचा मधला तुकडा फरशीवर पडला आणि गोल फिरत पायरीपाशी जाऊन थांबला.

लहान्याने तो उचलला. कापलेली कड चांदीसारखी पांढरी होती. त्याने तुकडा उजेडाकडे धरला आणि एका डोळ्याने आत बघितलं. एवढ्या वर्षांत, एवढ्या पावसात, आत गंजाचा ठिपका नव्हता.

त्याने तो प्रभुदेसाईंच्या हातात दिला. त्यांनीही आत बघितलं.

"अजून किती चालली असती ही?" लहान्याने विचारलं.

"तुम्ही जाल, मी जाईन," ते म्हणाले. "ही चालतच राहिली असती."

"बरं," लहान्या म्हणाला. त्याने तुकडा परत घेतला, जाळीत सगळं बांधलं, आणि ते ओझं खांद्यावर टाकून तो स्टँडकडे निघाला.